बातमीदारानं बातमी आणायची की जाहिरात?

गंगावेशकर
गेल्या महिन्यात एका दैनिकाचा तालुका वार्ताहर दुकानात आला. ओळखीचा पोरगा, खड्ड्यांवर, पाणंद रस्त्यांवर झकास लिहितो. वाटलं, काहीतरी विचारायला आला असेल. तर त्यानं पिशवीतनं दरपत्रक काढलं. वर्धापनदिनाची पुरवणी आहे, पाव पान तरी घ्या म्हणाला. टार्गेट पुरं झालं नाही तर मानधन लटकतं. आता हाच पोरगा उद्या सरपंचाकडं पुरवणीसाठी जाणार आणि परवा त्याच सरपंचाच्या गटारीच्या कामावर लिहिणार? लिहिल का हो?

आपल्या कोल्हापूरकडची वृत्तपत्रं बदलली नाहीत असं मी म्हणत नाही. १९३९ साली दैनिक झालेल्या ‘पुढारी’च्या समूहानं टोमॅटो एफएम काढला, २०२३ ला न्यूज चॅनेल आणलं. ई-पेपर, यूट्यूब तर सगळ्यांचंच आहे. पण खालच्या पोराच्या गळ्यात टार्गेट बांधून जगणं हे काही खरं नव्हे. अंकाला दोन रुपये जादा घ्या, मी देतो.

सराफकट्टा
काका, तुम्ही द्याल. बाकीचे? मी गुजरीत, सराफ बाजारात बसतो. पूर्वी दिवाळीला अर्धं पान ठरलेलं असायचं. आता तेवढ्याच पैशात रील करणारी दोन पोरं आख्खा महिना राबतात, आणि गिऱ्हाईक दारात येऊन सांगतं, “रील बघून आलो.” पेपर बघून आलो म्हणणारं शेवटचं गिऱ्हाईक कधी आलं, आठवत नाही. जाहिरात म्हणजे देणगी नव्हे. वार्ताहर हात जोडून दारात उभा राहतो तेव्हा मात्र ती देणगीच होते, हे तुमचं बरोबर.

पहाटेची लाइन
मी अंक टाकतो, वीस वर्षं झाली. चारला गठ्ठं उतरतात. २०२० च्या लॉकडाऊनात पेपर बंद झाला, तो कितीतरी घरांत परत सुरूच झाला नाही. एक रुपया वाढला तरी माणसं म्हणतात, दोनातला एक बंद करा. एकच घेणारा म्हणतो, शेजारी येतोयच की. दोन रुपये वाढवा म्हणणाऱ्यांनी माझ्याबरोबर महिनाअखेरीला बिलं गोळा करायला यावं.

पंचगंगा_४३
सगळे कागदावरच अडकलाय. २०१९ च्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे आमच्या गल्लीतल्या पोराठोरांना पाठ आहे. त्या आठवड्यात पेपर दारात आलाच नाही, येणार कुठनं? गल्लीच पाण्यात. मोबाइल घेऊन शिवाजी पुलाजवळ उभा राहिलेला पोरगा दर तासाला पातळी सांगत होता. आमची म्हस त्याच्या भरवशावर वेळेत हलली. मला बातमी हवी होती, ती मिळाली. कुणाचं छापखान्याचं देणं आहे, ते माझ्या डोक्यावर कशाला?

गंगावेशकर
@पंचगंगा_४३ आणि राधानगरी धरणाचे दरवाजे? सात स्वयंचलित दरवाजे, सातही उघडल्याचा जुना व्हिडिओ दर जुलैत नव्यानं फिरतो. आमच्या बहिणीनं प्रयाग चिखलीत त्यापायी रात्री दोनला जनावरं सोडली. पाऊस नाही, पाणी नाही, आणि हिच्या हातात दावी. सकाळी पेपरात खरं काय ते आलं.

पंचगंगा_४३
म्हणजे छापलेलं ते खरं? मग १८८२ चं कोल्हापूर प्रकरण वाचा. कोल्हापूर संस्थानाचे दिवाण बर्वे यांच्या नावावरची पत्रं छापली गेली, ती बनावट निघाली. छापणारे कोण होते? टिळक आणि आगरकर. खोटं फॉरवर्ड करायला व्हॉट्सअॅपच लागतं असं नाही.

जुना डेस्क
उत्तम उदाहरण दिलंत, पण अर्धंच. त्या दोघांनी त्यापायी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. कारण अंकावर नाव होतं, पत्ता होता. आजही शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात संपादक, मुद्रक, प्रकाशक असतो. तुमच्या व्हिडिओच्या तळाशी कोण असतं?

आता गंगावेशकरांना. मी तीस वर्षं पानं लावली, त्यात पुरवण्याही भरल्या. वाढदिवसाचा फोटो चार कॉलम आणि पाणीटंचाई एक कॉलम, हे पाप माझ्याही हातनं झालंय. मालकाचंही गणित ऐका. २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात कागदावर १० टक्के सीमाशुल्क बसलं, पुढच्या वर्षी ते ५ वर आलं. अंकाच्या किमतीत कागदही सुटत नाही, उरलेलं जाहिरातीनंच भरायचं. माझं म्हणणं, मोठ्या बातम्यांच्या नादाला लागूच नये. दिल्लीची बातमी रात्रीच कळलेली असते. शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल सामन्याला अर्धं पान द्या. पाटाकडील तालमीची टीम जिंकली की तालमीतली पोरं एकेक अंक नाही, पाच-पाच घेतात. कात्रण तालमीच्या भिंतीवर चिकटतं. मोबाइल चिकटवता येतो का?

सराफकट्टा
सामना आता यूट्यूबवर थेट दिसतो, डेस्कसाहेब. आणि त्याच्या कोपऱ्यात माझ्या दुकानाची पट्टी असते. :)

पहाटेची लाइन
दिसू दे की. फायनलच्या दुसऱ्या दिवशी मला चाळीस अंक जादा लागतात. साहेब, तुमची अजून ओळख असंल तर तेवढं सर्क्युलेशनला सांगा. मागच्या टायमाला दहाच आलं, पेठेतली पोरं माझ्यावरच उखडली.