मधल्या कंपन्यांच्या ऑर्डरी नाकाराव्यात का? छोट्या फुलवाल्यांनी मत द्यावं

देठकात्री:
माझं फुलांचं छोटं दुकान आहे. साधारण तिसरा हिस्सा ऑर्डरी ऑनलाइन मधल्या कंपनीकडून येतात. ती साइटवर बुकेचा फोटो लावते, ग्राहकाकडून पैसे घेते, स्वतःचं सेवाशुल्क आणि कमिशन कापते आणि उरलेल्यात बुके बांधून पोचवायचं काम माझ्याकडे येतं. ग्राहकाला वाटतं, सगळे पैसे फुलांतच गेले.

परवाची ऑर्डर सांगतो. फोटोत 12 लांब देठांचे गुलाब आणि काचेची फुलदाणी. हातात पडणाऱ्या पैशांत आठच बसत होते. मी बाराही घातले. रात्री हिशेब केला तर फुलदाणी आणि डिलिव्हरी माझ्या खिशातून गेली होती. काही जण म्हणतात, सगळ्यांनी मिळून या ऑर्डरी बंद करू. मनापासून पटतं. पण दुकानाचं भाडं थांबत नाही. काय करावं?

भरलेली बादली:
बहिष्कार नको. आपला माल नाशवंत आहे हे विसरू नका. बादलीतला गुलाब आज विकला नाही तर दोन-तीन दिवसांनी मान टाकतो आणि कचऱ्यात जातो. भाडं, शीतपेटीची वीज, मदतनिसाचा पगार हे ऑर्डर आली काय, न आली काय, द्यावंच लागतं. मंदीच्या दिवशी फुलाची खरेदी आणि डिलिव्हरी सुटून वर थोडं उरत असेल, तर ती ऑर्डर नाकारणं म्हणजे आपल्याच पोटावर पाय. स्वाभिमान मलाही आहे, पण दोन मुलांची फी आहे.

निशिगंध:
बादली, तुमचा हिशेब मंदीच्या दिवसापुरता बरोबर आहे. 14 फेब्रुवारीला काय होतं? घाऊक बाजारात गुलाब कडाडतो, साइटवरची किंमत मात्र आधीच ठरलेली. त्या दिवशी तुमचे हात त्यांचे बुके बांधण्यात अडकतात आणि दारात उभा असलेला, पूर्ण पैसे देणारा स्वतःचा ग्राहक परत जातो. हा तोटा कुठल्याच वहीत दिसत नाही.

शिवाय हे जाळं मुळात आपलंच होतं, याचं मला फार वाईट वाटतं. अमेरिकेत 1910 मध्ये काही फुलवाल्यांनीच एकत्र येऊन तारेने एकमेकांना ऑर्डरी कळवायला सुरुवात केली. त्यातून उभी राहिली ती एफटीडी, म्हणजे तारेने फुलं पोचवणाऱ्या फुलवाल्यांची संस्था. या गावच्या दुकानाने ऑर्डर घ्यायची, त्या गावच्या दुकानाने फुलं पोचवायची. ऑर्डर पाठवणाऱ्याला 20 टक्के कमिशन हा रिवाज रास्त होता, कारण पाठवणाराही फुलवालाच असे; आज तुम्ही पाठवलीत, उद्या मी. पण याच संस्थेला 1956 मध्ये अमेरिकी न्यायालयाच्या आदेशाने बजावावं लागलं, की सभासदांना दुसऱ्या जाळ्यात जाण्यापासून अडवायचं नाही. 1994 मध्ये ती गुंतवणूकदारांनी विकत घेतली आणि नफ्याची कंपनी झाली. 2019 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. एवढ्या मोठ्या जाळ्याची ही गत, मग त्याच्या भरवशावर दुकान किती दिवस चालवायचं?

पाकळी:
मी एकटीने सोडून पाहिलं. माझ्या ऑर्डरी दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या दुकानाकडे वळल्या, कंपनीला काहीही फरक पडला नाही. पहिले सहा महिने फार कठीण गेले, मदतनीस मुलीला कमी करावं लागलं. ते अजून बोचतं. आता जुने ग्राहक थेट फोन करतात, दुकान तगलंय. तरी सगळ्यांनी हेच करावं असं मी सांगणार नाही.

हिरवा चाफा:
ग्राहकाबद्दल कोणीच बोललं नाही. ‘मिळाले तेवढ्याचं भरायचं’ म्हणून एका दुकानाने अंत्यविधीचं पुष्पचक्र लहान केलं होतं. ज्या बाईंनी ते वडिलांसाठी पाठवलं, त्या नंतर माझ्या दुकानात आल्या. फोनवरचा फोटो आणि प्रत्यक्षातला फोटो शेजारी शेजारी धरून दाखवत होत्या, आणि दोष देत होत्या त्या फुलवाल्याला. मधल्या कंपनीचं नावही त्यांना आठवत नव्हतं. फुलं कमी घालून टिकायचं असेल तर त्यापेक्षा ऑर्डर नाकारा. आणि नाकारताना कंपनीला कारण लेखी कळवा: एवढ्या पैशांत हा बुके होत नाही.

भरलेली बादली:
चाफा, याला शंभर टक्के अनुमोदन. फुलं कमी घालणं मलाही मान्य नाही. माझा विरोध सरसकट बहिष्काराला आहे.

देठकात्री:
सर्वांचे आभार. सध्या एवढं ठरवतोय: फोटोतला बुके मिळणाऱ्या पैशांत बसत नसेल तर ऑर्डर परत पाठवायची, आणि सणासुदीचे दिवस फक्त दारातल्या आणि फोनवरच्या ग्राहकांसाठी ठेवायचे. माझ्यासारखे पाच-सात जण तयार झाले तर पुढचं बोलू.

निशिगंध:
मी तयार आहे. फक्त आधी करार काढून वाचा. ऑर्डरी नाकारल्यास दंड किंवा यादीत खाली ढकलण्याचं कलम आहे का, ते बघून इथे लिहा.