लोब-फिनला मराठीत काय म्हणायचं? पर, पंख की पक्ष?

गंगावेसकर: अकरावीच्या पोरांसाठी मराठीत नोट्स करायलोय, ट्रायस्टिकॉप्टेरिडी नावाच्या माशांवर. डेव्होनियन काळातलं घराणं, समूळ गेलेलं. यूस्थेनॉप्टेरॉन त्यातलाच, कॅनडात मिग्वाशाला सापडतो, सुमारे ३८ कोटी वर्षं जुना. हे लोब-फिन मासे, म्हणजे ह्यांचा फिन नुसता काड्यांचा पडदा न्हवं, बुडाला मांस आणि आत हाडं, आपल्या दंडासारखं एक आणि पुढं दोन. मी 'मांसल पर' लिहिलं तर आमचे सर म्हणाले, 'पक्ष' लिही. आता पोरं विचारणार, निवडणूक लागली काय?

शुद्धमती: सर बरोबर आहेत. विश्वकोशात पक्षच आहे, अंसपक्ष म्हणजे खांद्याकडचा, पुच्छपक्ष म्हणजे शेपटीचा. जीवशास्त्रात घरगुती शब्द चालत नाहीत.

मरळवाला: ताई, बाजारात जाऊन 'अंसपक्ष काढून द्या' म्हणून बघा. आमच्यात पर म्हणतात, अस्सल मराठी.

शुद्धमती: अस्सल? पर फारसी आहे हो.

मरळवाला: असूंद्या की, बाजार पण फारसीच आहे.

जुनाशिक्षक: गंमत बघा, त्या नावातलं ग्रीक 'प्टेरॉन' आणि संस्कृत 'पत्र' एकाच मुळाचे, उडणं ह्या अर्थाचे. यूस्थेनॉप्टेरॉन म्हणजे भक्कम पंखाचा. म्हणून मी पंख म्हणेन.

रंकाळा_संध्याकाळ: पंख म्हटलं की पोरं उडणारा मासा काढतात चित्रात, माझ्या भाचीनं काढलाय. आमची आजी तर कल्ले म्हणायची.

मरळवाला: कल्ले म्हणजे श्वासाचे, लाल असतात ते. ताजा मासा त्याच्यावरनंच वळकायचा.

रंकाळा_संध्याकाळ: आणि सलूनवाला 'कल्ले किती ठेवू' विचारतो तेव्हा?

गंगावेसकर: भावांनो, माझं राहिलं की. आणि फॅमिलीला काय? 'प्रजाती' लिहू?

जुनाशिक्षक: अजिबात नको. विश्वकोशात प्रजाती म्हणजे जीनस, स्पीशीजला जाती. पेपरवाले सरसकट प्रजाती लिहून घोळ घालतात. फॅमिली म्हणजे कुल.

शुद्धमती: आणि 'लोब-फिन नामशेष' असं मोघम लिहू नका, हे कुल गेलं. सीलाकँथ मासा १९३८ साली दक्षिण आफ्रिकेत जिवंत सापडला, तोही लोब-फिनच.

मरळवाला: कुल का कूळ? आमच्याकडं कूळ म्हणजे जमीन कसणारा.

रंकाळा_संध्याकाळ: आमच्या सातबाऱ्यावर अजून एक कूळ हाय, आजोबांच्या काळापासनं. ते कुठं नष्ट व्हायलंय!

मरळवाला: हा, त्यावर वेगळा धागा काढा, मला पण विचारायचंय.