पट्टी उतरवायची, की गाणंच थांबवायचं?

तारषड्ज: नमस्कार. वय ४९, ख्याल गाते. दुसरा व्यवसाय कधी केला नाही. कायम काळी चारमध्ये गायले, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा सा. वर्षभरापासून तार गंधाराच्या, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘ग’च्या पुढे आवाज फाटतोय. मध्यमाला धाप लागते, पंचमाचं नावच नको. गंमत म्हणजे खर्ज, अगदी खालचा सूर, कधी नव्हता इतका भरदार लागतो.

कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून घसा पाहिला. गाठ नाही, सूज नाही. पाळी जाताना इस्ट्रोजेन कमी होतं, स्वरतंतू कोरडे आणि जाडसर होतात, आवाज खाली येतो, असं त्यांनी समजावलं. ते पटलं.

पण लोक माझा सोहनी राग ऐकायला येतात. निवेदक अजून ‘तिन्ही सप्तकांत लीलया’ वगैरे म्हणतात आणि मी शेजारी बसून तानपुऱ्याच्या खुंट्या पिळत राहते. नवरा म्हणतो, आता शिकव. चांगल्या मनानेच म्हणतो, तरी ऐकून घशाशी येतं. तार पंचम गेला तर मी नक्की कोण उरते? की हे सगळं नुसतं अहंकाराचं दुखणं आहे?

भातावाला: ताई, मी साथीला पेटी वाजवतो. गवयाची पट्टी उतरली की आम्हाला पहिल्या दहा मिनिटांत कळतं. तुमच्या पेटीवाल्यालाही कळलं असणार, फक्त तो बोलत नाहीये. त्याला आधी सांगा.

मग काळी तीन करा, एका स्वराचाच तर फरक. पण तानपुरा नुसता उतरवू नका. तारा ढिल्या पडतात, जवारी, म्हणजे घोडीवरचा तारांचा झंकार, बोलत नाही. थोड्या जाड तारा घाला आणि जवारी नव्याने लावून घ्या. तबला कदाचित तोच चालेल. आणखी खाली गेलात तर मोठ्या तोंडाचा लागेल.

आणि सोहनीच कशाला? पुरिया, मारवा, सोहनी, तिघांचे स्वर तेच. सोहनी वर राहते, पुरिया मंद्रात, खालच्या सप्तकात रमतो. तुमचा खर्ज उघडलाय म्हणता, मग पुरिया गाऊन बघा की.

जुनी_तबकडी: ख्यालगायिका गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्या ऐका, आवाज बारीक आणि उंच आहे. पुढे घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तो जड झाला. आज गंगूबाई म्हटलं की आपल्याला तो जड आवाजच आठवतो.

तारषड्ज: @जुनी_तबकडी, हे उदाहरण मला सगळे देतात. पण त्यांचा आवाज तरुणपणी बदलला. माझ्या श्रोत्यांकडे माझी जुनी ध्वनिमुद्रणं आहेत आणि ते तुलना करणारच. @भातावाला, पुरियाचं मात्र डोक्यात बसलं. सकाळीच मंद्र निषाद लावून पाहिला. बराच वेळ तिथून हलले नाही.

तंतकार: मी व्हायोलिन सोडलं, खांद्यामुळे. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं दुसरं टोक मला माहीत आहे. ‘पूर्वी वाजवायचे’ अशी ओळख करून दिली की पहिली दोन वर्षं मी तिथून उठून जायचो. हा अहंकार आहे का? असेलही थोडा. पण लहानपणापासून ज्या रियाजाभोवती दिवस बेतला, तो गेल्यावर सकाळी करायचं काय, हा अगदी साधा प्रश्न उरतो आणि त्याचं उत्तर कोणी देत नाही. तुमचा रियाज तर चालू आहे!

‘आता शिकव’ या सल्ल्याचं म्हणाल, तर घरच्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. शिकवणं म्हणजे गळ्याला आराम नव्हे. मुली काळी चार-पाचात गाणार, मुलगे पांढरी एकात. प्रत्येकाला त्याच्या पट्टीत गाऊन दाखवायचं, तेही तासन्‌तास. मैफलीत निदान पट्टी तुमची असते.

तारषड्ज: हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “मग मैफलीच घे बाई.”

पेटीवाल्याला फोन केला. त्याला गेल्या गणपतीपासून माहीत होतं, नालायक! येत्या कार्यक्रमात काळी तीन, विलंबित पुरिया. सोहनीची फर्माईश आली तर नाही म्हणणार. @भातावाला, तानपुऱ्याची खर्जाची तारही बदलू, की फक्त जोडीच्या दोन आणि पंचमाची?

भातावाला: चारही बदला. एक जाड आणि तीन जुन्या ठेवल्यात तर जवारी जुळवणारा तुम्हालाच शिव्या देईल.