मदत हवी आहे: चौथीच्या ३१ मुलांना चित्रं दाखवायला कुठे नेऊ? (गोवा)

नमस्कार मंडळी, मी सत्तरीतल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. डिसेंबरात मुलांची एक दिवसाची सहल काढायचीय आणि यंदा धबधबा-देऊळ सोडून कुठेतरी चित्रं, शिल्पं दाखवायला न्यावं असं डोक्यात आहे. पण गेल्या वर्षीचा अनुभव आठवला की पोटात गोळाच येतो. एका गॅलरीत नेलेलं (नाव नको), तिथली माहिती देणारी मुलगी अख्खा वेळ इंग्लिशमधून इन्स्टॉलेशन इन्स्टॉलेशन (म्हणजे वस्तू मांडून केलेली कलाकृती) करत होती, शेवटी आमच्या एकाने विचारलं, बाई, मोबाइलवर ॲप करतात तेच काय हे? ती हसली नाही, मलाच हसू आलं. बाकीची पोरं तोवर फरशीवर पंख्याखाली बसलेली.

तर मराठी-कोकणीतून सांगणारं कोणी मिळेल अशी जागा कुठली? वाळपईहून जाऊन संध्याकाळी परत यायचंय. डिसेंबरात पणजीत भरणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवाला न्यावं का?

प्रतिसाद १: सेरेंडिपिटीला नोंदणी केली की प्रवेश फुकट, पण पणजीत ठिकठिकाणी पांगलेलं असतं, त्यात ३१ पोरं सांभाळणार कशी? त्यापेक्षा पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीतलं म्युझियम ऑफ गोवा बघा. सुबोध केरकरांनी २०१५ मध्ये सुरू केलं, डॉक्टरकी सोडून चित्रकार झालेला माणूस. गोव्याच्या इतिहासावरची कामं आहेत. मिरची पोर्तुगीजांनी आणली हे मुलांना आधी वर्गात सांगून ठेवा, मग तिथे भल्यामोठ्या मिरच्या बघून पोरं स्वतःच बोलायला लागतील. फोन करून कोकणीतून सांगणारं माणूस मात्र आधीच मागून घ्या, आयत्या वेळी काही मिळत नाही.

प्रतिसाद २: पिळर्णला जाताच आहात तर पर्वरीला झेवियर सेंटर या इतिहास संशोधन संस्थेत आंजेलो द फोन्सेकांची चित्रं आहेत, तीही बघायला मिळतात का विचारा. सांत इस्तेव्हचा माणूस, शांतिनिकेतनात शिकला आणि सायबिणीला (येशूची आई मेरी) साडी नेसवून रंगवली! त्या काळी चर्चमधल्या लोकांना ते रुचलं नव्हतं. आमच्या लेकीने तर बघताच विचारलं, ही आपल्या आजीसारखी का दिसते? पणजीत फोंतेन्यासच्या फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत सांग्याचे चित्रकार त्रिंदाद यांची पोर्ट्रेट्स आहेत, सुंदर आहेत, पण त्या गल्ल्यांत बस शिरत नाही, लहान मुलांना घेऊन नकोच.

आणि बाई, सगळं दाखवायच्या भानगडीत पडू नका. चार-पाच चित्रं निवडा, मुलांना समोर बसवून कागद-पेन्सिल द्या. खडू-रंग नको, गार्ड ओरडतात.

मूळ धागाकर्ती: देव बरें करूं! साडीतली सायबीण म्हटल्यावर माझंच मन बसलं तिथे. उद्याच दोन्हीकडे फोन लावते. आता एकच, पिळर्णच्या आसपास ३१ जणांना पातळभाजी-पाव बसून खाता येईल असं ठिकाण कुठलं?