रुबेन्सच्या चित्राचा जुना छापा: १६२०चा की नंतरचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बेल्जियममधल्या अँटवर्पच्या जुन्या बाजारात एक छापील चित्र मिळालं. येशूला क्रुसावरून उतरवतानाचं. मूळ रंगचित्र सतराव्या शतकातला फ्लेमिश चित्रकार रुबेन्सचं, तिथल्याच कॅथेड्रलमध्ये आहे. लुकास व्होर्स्टरमनने १६२० साली ते तांब्याच्या पत्र्यावर कोरलं. खाली रुबेन्सच्या नावापुढे 'पिंक्सिट', म्हणजे रंगवलं, आणि व्होर्स्टरमनचंही नाव आहे.

भिंगाखाली आधुनिक छपाईतले ठिपके नाहीत, सलग रेघा आहेत. येशूच्या पोटरीवर तर एकेक रेघ हळूहळू जाड होत सावलीत शिरते. रंग नसताना हे साधायचं म्हणजे कमालच! कागद उजेडात धरला की साधारण अडीच-अडीच सेंटीमीटरच्या अंतराने, कागद बनवण्याच्या जाळीच्या उभ्या रेघा दिसतात. पण असा कागद अठराव्या शतकातही सर्रास वापरत, आणि पत्रा शाबूत असला की नंतरही छापे काढता येतात. शिवाय छापताना पत्र्याच्या दाबाने कागदावर उमटणारी कड कुण्या शहाण्याने कापून टाकलीय.

मग काळ ठरवायचा कसा? कागदातलं पाणचिन्ह (कागद बनवतानाच उमटलेली, उजेडात दिसणारी खूण) पुरेसं ठरतं का, की छापून छापून पत्र्यावरच्या रेघांची झालेली झीज बघायची? वरच्या कडेला मागून पुठ्ठा चिकटवलेला आहे, तो घरी काढायचा प्रयत्न करू का? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.