मदत हवी आहे: नवरा दीड महिना बाहेर, दोन मुलं आणि नागपूरचा मे

नमस्कार. मिस्टर कामासाठी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बाहेरगावी आहेत. घरी मी, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. माझं काम घरूनच, दहा ते सहा. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जूनअखेरीस उघडतात, म्हणजे सुट्टी अजून बरीच आहे.

सकाळ निभते. साडेसहाला दोघांना खाली सायकल खेळायला नेते. खरा प्रश्न अकरा ते साडेपाचचा. बाहेर पारा ४४-४५, खिडक्या बंद, कूलर चालू, आणि मी मीटिंगमध्ये. धाकटा दर दहा मिनिटांनी दार वाजवतो. मग त्याला सांभाळायचं काम आपसूक मोठीवर येतं. परवा ती म्हणाली, "आई, मला सुट्टी कधी?" तेव्हापासून मला चैन नाही. आणि २५ मेपासून नवतपा (सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस), तेव्हा तर सकाळीही आठनंतर बाहेर पडवत नाही.

मोबाइल देऊन पाहिला. संध्याकाळी चिडचिड दुप्पट होते, म्हणून बंद केला. सासूबाईंना गुडघ्यांमुळे तिसरा मजला चढवत नाही. शेजारच्या काकू तासभर बसतात, पण रोज कसं म्हणायचं?

दुपारी तीन तास घरी येऊन मुलांसोबत बसेल अशी कॉलेजची मुलगी कुणी ठेवली आहे का? पैसे कसे ठरवलेत, ओळख कशी पडताळलीत? आणि चार वर्षांचं मूल एकटं अर्धा तास रमेल असं काय देता? कणकेचा गोळा आणि पाण्याचा टब करून झालं. रात्री एकटीला ताप वगैरे निभावलेल्यांनीही जरूर लिहा.