शिबिराआधी नळाकडे बघा

वस्तीत दर महिन्याला आरोग्य शिबिर घ्यावं, असं अनेकदा सुचवलं जातं. जरूर घ्या. पण गल्लीतली मुलं सारखी जुलाबानं आजारी पडत असतील, तर आधी पाणी तपासा.

मुंबईत पाणी ठराविक वेळच येतं. बाकी वेळ पाइप रिकामा आणि वस्त्यांमध्ये अनेक ठिकाणी गटारातून गेलेला. गंजलेल्या जोडातून गटाराचं पाणी आत झिरपतं, आणि कुणी नळाला थेट मोटर लावली की ओढलंच जातं. म्हणून मोटरबंदी अख्ख्या गल्लीनं ठरवावी लागते; एका घरानं पाळून उपयोग नाही. पाणी आल्यावर पहिल्या बादल्या संडास-धुण्याला ठेवा, पिण्याचं नंतर भरा.

पाण्यात जंतू मारणारा क्लोरिन उरलाय का, हे ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीनं कळतं. ती नळावरच करा, पिंपावर नको. पाण्यात ओटीचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग दहा सेकंदांच्या आत पाहा. उशीर झाला तर मोकळ्या (जंतू मारायला शिल्लक असलेल्या) क्लोरिनसोबत संयुक्त, म्हणजे इतर पदार्थांशी जोडला जाऊन कमजोर झालेला, क्लोरिनही मोजला जातो आणि आकडा उगाच चांगला दिसतो. मोकळा क्लोरिन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. सलग कमी येत असेल तर तारीख, वेळ, गल्ली लिहून सगळ्यांच्या सह्यांनी वॉर्ड ऑफिसात द्या आणि पोचपावती घ्या. एकट्याच्या तोंडी तक्रारीची नोंदच राहत नाही.

वस्ती अनधिकृत म्हणून टाळाटाळ झाली, तर मुंबई उच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१४ चा निकाल अर्जाला जोडा: झोपडी बेकायदा असली तरी पाणी नाकारता येत नाही.

पिंपं आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.